कर्कश स्तोत्रे

ख्रिस्ती मेटल हा संगीतप्रकार म्हणजे दोन घरचा उपाशी पाहुणा आहे. चर्चमधल्या भाविकाला त्यातला गोंगाट सोसवत नाही आणि मेटलच्या चाहत्याला त्यातली प्रार्थना. भाविक म्हणतो, ज्या संगीताने उलटे क्रूस मिरवले त्याच आवाजात येशूचे नाव घेणे ही विटंबना आहे. चाहता म्हणतो, बंडाच्या संगीतात रविवारच्या शाळेचे धडे घुसडणे ही फसवणूक आहे. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारी ही दोन माणसे एका मुद्द्यावर मात्र खांद्याला खांदा लावून उभी राहतात: कानठळ्या बसवणारा आवाज आणि श्रद्धा यांचे जमणे शक्य नाही. हा समज मला चुकीचा वाटतो, आणि तो तपासायला मुंबईच्या उपनगरांइतकी सोयीची जागा क्वचितच सापडेल. अंधेरी-बोरिवलीच्या या पट्ट्यात पोर्तुगीज काळातल्या चर्चचे अवशेष आहेत, शैव लेणी आहेत, लोकलमध्ये टाळ कुटणारी भजनी मंडळे आहेत आणि मेटल कानाला लावून त्याच लोकलमध्ये उभी असलेली मुलेही आहेत. माझे म्हणणे असे की कर्कशपणा श्रद्धेला कधीच परका नव्हता, महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती श्रद्धेला तर नव्हताच. ख्रिस्ती मेटलचे बरेच अल्बम फसतात ते आवाजाने नव्हे. सगळी उत्तरे आधीच खिशात घालून आल्याने फसतात. जे थोडे टिकतात त्यांत नॉर्वेच्या एक्स्टॉल या बँडचा 2000 सालचा ‘अनडिसीव्ह्ड’ मला सर्वांत विचारात घेण्याजोगा वाटतो. पण त्याच्यापर्यंत पोचायला वाटेतले काही आक्षेप ओलांडावे लागतील.

पहिला आक्षेप कुळाचा. मेटलचा जन्मच सैतानाच्या घरात झाला, तेव्हा त्याला बाप्तिस्मा देऊन काय होणार? इतिहास पाहिला तर हे कूळ वेगळेच निघते. बर्मिंगहॅमच्या ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम 1970 च्या फेब्रुवारीत आला आणि त्याच्या शीर्षकगीतातली काळीकुट्ट चाल एका स्वरांतरावर उभी होती. पाश्चात्त्य संगीतात त्या अंतराला सैतानाचे नाव चिकटले आणि मध्ययुगीन चर्चने त्यावर बंदी घातली होती अशी दंतकथाही रूढ झाली. आपल्याकडे तेच अंतर षड्जापासून तीव्र मध्यमापर्यंतचे आहे, आणि त्याच्या आधाराने यमन उभा राहतो, ज्यात संध्याकाळच्या किती प्रार्थना गायल्या गेल्या त्याची गणती नाही. स्वरांतराला धर्म नसतो, तो ऐकणाऱ्याच्या सवयीत असतो. या बँडची गीते मुख्यतः लिहिणारा गीझर बटलर आयरिश कॅथलिक घरात वाढलेला. 1971 च्या ‘मास्टर ऑफ रिअॅलिटी’ या अल्बममधले ‘आफ्टर फॉरएव्हर’ हे गाणे तर मरणानंतरचे काय आणि देवाला नाकारणाऱ्याचे काय, असे थेट विचारते. म्हणजे सैतानाचे संगीत म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवले जाते त्याच्या मुळाशीच ख्रिस्ती धर्माशी चाललेला एक वाद आहे. मेटलमधला सैतान कुठून आला? चर्चच्या भिंतींवरच्या चित्रांतून, प्रवचनांतून, बायबलच्या शेवटच्या पुस्तकातून. क्रूस उलटा धरायलाही आधी क्रूस ठाऊक असावा लागतो. शिकागोच्या ट्रबल या बँडने 1984 मध्ये सॅबथच्याच जड चालीत बायबलचे संदर्भ आणले तेव्हा परक्या घरात शिरकाव झाला नव्हता. घरातलेच दुसरे माणूस बोलू लागले होते.

कोकणातून येऊन उपनगरांत राहिलेल्या मराठी माणसाला ही गोष्ट खरे तर समजावून सांगायला नको. दशावतारी नाटकाच्या आरंभी संकासूर येतो. काळ्या वेषातला हा राक्षस वेद पळवतो, वात्रट बोलतो, भटजींची टर उडवतो, प्रेक्षकांना हसवतो आणि शेवटी विष्णूकडून मारला जातो. जत्रेत, देवळासमोर, देवाच्या नावाने मांडलेल्या खेळात असुराला एवढी जागा देणारी परंपरा भाबडी नव्हती. अंधाराला रंगमंचावर आणल्याशिवाय उजेडाला काही काम उरत नाही, हे तिला कळले होते. भीती घालणारा वेष आणि घोगरा आवाज यांमुळे खेळ अपवित्र होत नाही. तो अपवित्र ठरवायचा तर आपल्या लोकधर्माचा निम्मा संसार अंगणाबाहेर काढावा लागेल.

दुसरा आक्षेप आवाजाचा, आणि तो अधिक मनापासूनचा आहे. देवाशी शांतपणे बोलावे, प्रार्थनेला गांभीर्य हवे, असे अनेकांना वाटते. या आक्षेपाला उत्तर मराठी ख्रिस्ती इतिहासातच मिळते. 1905 च्या जूनमध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंच्या आश्रमातल्या मुली आणि स्त्रिया एकाच वेळी, मोठमोठ्याने, रडत आणि ओरडत प्रार्थना करू लागल्या. हा प्रकार एका दिवसात आटोपला नाही. त्याची वार्ता जगभरच्या मिशनरी वर्तुळांत पोचली आणि मिनी एब्रम्स या रमाबाईंच्या सहकारी बाईंनी त्यावर पुस्तिका लिहिली. अनेक पाश्चात्त्य मिशनऱ्यांना हा गोंधळ असभ्य, बेशिस्त, उन्मादी वाटला. रमाबाईंनी मात्र या आवाजाची पाठराखण केली. परदेशी उपासनेची शिस्त भारतीय माणसाच्या गळ्यावर लादू नये, त्याला त्याच्या स्वभावाप्रमाणे व्यक्त होऊ द्यावे, असा त्यांचा रोख होता. यातली विद्वत्तेची बाजू विसरून चालणार नाही. आरडाओरड्याची बाजू घेणारी ही बाई संस्कृत पंडिता होती, आणि आयुष्याची शेवटची वर्षे हिब्रू व ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर करण्यात तिने घालवली. ते 1924 मध्ये, तिच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाले. शब्दांची इतकी जाण असलेल्या बाईला शब्दांच्या पलीकडचा आक्रोशही प्रार्थनेत चालत होता. दुष्काळातून, वैधव्यातून, घरच्यांनी टाकून दिलेल्या अवस्थेतून आलेल्या त्या मुलींनी देवासमोर मंजूळ आवाजात उभे राहावे अशी अपेक्षा ठेवणारा माणूस भक्तीपेक्षा शिष्टाचाराची काळजी अधिक करत असतो.

रमाबाईंनी ज्या ग्रंथाचे भाषांतर केले त्यातच या आक्रोशाला जागा आहे. बायबलमधल्या 150 स्तोत्रांत विलापाची स्तोत्रे मोठ्या संख्येने आहेत. त्यांत देवाला जाब विचारला जातो, तो झोपला आहे का, त्याने तोंड का फिरवले, असे खडसावले जाते. बहुतेक विलाप शेवटी आशेकडे वळतात, पण अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र वळत नाही. ते अंधारातच संपते, आणि तरी कुणी ते स्तोत्रसंग्रहातून काढून टाकले नाही. बाविसाव्या स्तोत्राच्या पहिल्या ओळीची हाक तर मार्क आणि मत्तय यांच्या शुभवर्तमानांनुसार क्रूसावरच्या येशूच्या तोंडी आहे, आणि ती त्याने मोठ्याने ओरडून म्हटली असे दोघेही नमूद करतात. मराठी वाचकाला हे अनोळखी वाटायचे कारण नाही. तुकोबा विठ्ठलाशी भांडतात, त्याला नाही नाही ते बोलतात, चोखोबा देवाच्या दारात उभे राहून आपल्या जातीच्या दुःखाचा जाब मागतात. भांडण हा भक्तीचाच एक प्रकार आहे, हे आपण शाळेपासून शिकत आलो. मग विकृत केलेल्या गिटारवर, घशाच्या तळातून काढलेल्या आवाजात कुणी देवाशी भांडला, तर त्याला परंपरेबाहेरचा कसा म्हणायचे? गायकीचे तंत्र नवे आहे, गाऱ्हाणे जुनेच आहे.

आवाजाच्या आक्षेपाला एक शेपूट आहे: शब्दच कळत नाहीत, मग ती प्रार्थना कसली? घोगऱ्या गुरगुरीत गायलेल्या ओळी पहिल्यांदा ऐकणाऱ्याला खरेच कळत नाहीत. पण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 मध्ये उपासनेतल्या स्थानिक भाषांना वाट मोकळी करून देईपर्यंत साष्टीतल्या, म्हणजे या उपनगरांच्याच भागातल्या, कॅथलिक गावांत मिस्सा लॅटिनमध्येच होत होती. पिढ्यान्‌पिढ्या शेतकरी आणि कोळी ती ऐकत गुडघे टेकत होते. शब्दार्थ न कळूनही त्यांना काय चालले आहे ते कळत होते, कारण अर्थ विधीत होता, सुरात होता, सर्वांनी एकत्र असण्यात होता. विरार-बोरिवलीच्या लोकलमधले भजन डब्याच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाला शब्दाशब्दाने ऐकू येत नाही, टाळांचा मारा मात्र पोचतो. सहप्रवाशांनी या आवाजाच्या तक्रारी केल्या आहेत, आणि ज्याला झोप हवी आहे त्याची तक्रार रास्तही आहे. पण ती भक्ती नाही असे त्या तक्रारदारालाही म्हणता येणार नाही. भजनातली पेटीही पाहा. हार्मोनियम युरोपातून आले, आकाशवाणीने 1940 पासून तीन दशके त्याला प्रक्षेपणातून बाहेर ठेवले, आणि आज पेटीवाचून भजनी मंडळाची कल्पना करता येत नाही. उपासनेची साधने नेहमीच उसनी असतात. डिस्टॉर्शनचा पेडल आणि दुहेरी बेस ड्रम ही त्याच रांगेतली ताजी उसनवारी आहे.

उसनवारी म्हटली की अवघड प्रश्न सुरू होतो, कारण उसने घेणे आणि बळकावणे यांत अंतर आहे. ते अंतर बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यात डोळ्यांना दिसते. सहाव्या ते आठव्या शतकांदरम्यानचे हे शैव लेणे, त्यात नटराज आहे, शिवपार्वतीच्या विवाहाचा देखावा आहे. सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी लेण्याचे चर्च केले, माथ्यावर मठ उभारला आणि आतल्या एका भिंतीवर, जिथे पूर्वी शिल्प होते तिथे, मोठा क्रूस कोरला. 1737 ते 1739 च्या मोहिमेत मराठ्यांनी साष्टी आणि वसई घेतल्यावर चर्चचा अंमल संपला. आज आत शिवलिंगाची पूजा होते, वर मठाचे भग्नावशेष आहेत आणि क्रूस भिंतीवर तसाच आहे. एका धर्माने दुसऱ्याच्या घडणीत शिरण्याचा हा एक मार्ग: आधीचे तासून काढायचे, त्याच दगडावर आपली खूण कोरायची. दुसरा मार्ग त्याच काळात गोव्यात दिसतो. 1579 मध्ये गोव्याला आलेला इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स मराठी शिकला, ओवी शिकला आणि जवळपास 11 हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ त्याने रचले. ते 1616 मध्ये रायतूरला छापले गेले. त्याने ओवीवर लॅटिन छंद लादला नाही. ज्ञानेश्वर-एकनाथांच्या वळणाने तो चालला, आणि चालता चालता त्याची येशूकथाच मराठी झाली. याला कुणी म्हणेल की स्टीफन्सचे हात इतके स्वच्छ नव्हते. ते खरे आहे. गोव्यात 1560 पासून इन्क्विझिशन होते, नवख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे हिरावली गेली होती, आणि त्या रिकाम्या जागेवरच हे नवे पुराण आले. मंडपेश्वरच्या छिन्नीची सावली ‘क्रिस्तपुराणा’वरही पडते. तरीही फरक उरतो. छिन्नीने दगडाकडून काही शिकून घेतले नाही. स्टीफन्स ओवीकडून शिकला, आणि तीन शतकांनी ख्रिस्ती झालेले मराठी कवी नारायण वामन टिळक यांनी अभंग आणि कीर्तन ख्रिस्ती उपासनेत आणले तेव्हा घेणारा आणि घेतलेले यांत परकेपणाही उरला नव्हता.

हीच कसोटी मेटलला लावली तर 1994 सालच्या ‘हेलिग उस्वार्ट’ या गाजलेल्या अल्बमचे काय होते ते पाहण्यासारखे आहे. 1992 च्या जूनमध्ये बर्गनजवळचे फँटॉफ्टचे प्राचीन लाकडी चर्च जाळण्यात आले, आणि नॉर्वेतल्या ब्लॅक मेटल या ख्रिस्तविरोधी उपशैलीभोवती चर्च जाळण्याच्या घटनांची मालिकाच उभी राहिली. दोन वर्षांनी होर्ड या नावाने एक अल्बम जर्मनीच्या न्यूक्लिअर ब्लास्ट कंपनीने काढला. आवाज हुबेहूब ब्लॅक मेटलचा: बोचरी गिटार, न थांबणारे ढोल, किंकाळ्या. शब्द मात्र ख्रिस्ती, आणि वादकाच्या जागी फक्त ‘अनॉनिमस’. नाव उघड करावे म्हणून कंपनीला धमक्या आल्याचे सांगितले जाते. पुढे कळले की सगळी वाद्ये आणि गळा एकाच माणसाचा होता, मॉर्टिफिकेशन या ऑस्ट्रेलियन बँडचा माजी ढोलवादक जेसन शेरलॉक याचा. हे धाडस होते, आणि ज्या चळवळीने ख्रिस्ती श्रद्धेचा मोठ्याने द्वेष केला तिला तिच्याच आवाजात उत्तर देणे ही चलाख कल्पना होती. पण उलटा क्रूस पुन्हा उलटा करण्यापलीकडे हा अल्बम फारसा जात नाही. शत्रूच्या प्रत्येक घोषणेपुढे एक उलट घोषणा ठेवली आहे, सैतानाच्या जागी देव घातला आहे, बाकी मांडणी तशीच. ऐकताना मंडपेश्वरच्या भिंतीची आठवण होते. आधीची मूर्ती तासली, नवी खूण कोरली, आणि दगडाशी संवाद झालाच नाही. ब्लॅक मेटलचा एकटेपणा, थंडीचा, मरणाचा ध्यास, या सगळ्यातून श्रद्धेला स्वतःबद्दल काही कळू शकले असते. होर्डला काही कळून घ्यायचे नव्हते. त्याला जिंकायचे होते.

इथे मेटलच्या चाहत्याचा सर्वांत भक्कम आक्षेप येतो: प्रचार करणारी कला ही कला नसते. कॅलिफोर्नियाच्या स्ट्रायपर या बँडने पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे कपडे घालून ऐंशीच्या दशकात प्रेक्षकांत नवा करार भिरकावला. त्यांचा 1986 चा ‘टू हेल विथ द डेव्हिल’ अमेरिकेत दहा लाखांहून अधिक खपला. त्यांची तळमळ खोटी होती असे मी म्हणणार नाही, पण त्या गाण्यांत देवाला विचारायला काही उरलेलेच नाही, श्रोत्याला सांगायला मात्र पुष्कळ आहे. आक्षेपाचा हा भाग मला मान्य आहे. मान्य नाही ते पुढचे पाऊल, की धर्म आला म्हणजे प्रचार आलाच. तसे असते तर ज्ञानेश्वरी हाही प्रचार ठरला असता, आणि बाखचे संगीतही. प्रचाराची खूण देवाच्या नावात नसते. बोलणाऱ्याने स्वतःला पणाला लावले आहे की नाही, यात ती असते. प्रचारक दुसऱ्याला बदलायला निघतो आणि स्वतः कोरडा राहतो. प्रार्थना करणारा आधी स्वतः उघडा पडतो.

‘अनडिसीव्ह्ड’ इथे वेगळा पडतो. एक्स्टॉल हा ओस्लो परिसरातला बँड. त्याने 1998 मध्ये ‘बरिअल’ हा पहिला अल्बम काढला, 2000 मध्ये हा दुसरा. ज्या देशात चर्च जळाली आणि जाळणाऱ्यांच्या संगीताला जगभर कीर्ती मिळाली, त्याच देशातली ही ख्रिस्ती मुले होती, आणि त्यांना शत्रूला तोंडभर उत्तर देण्याची सोपी संधी होती. त्यांनी ती घेतली नाही. अल्बममध्ये डेथ मेटलचे जड वळण आहे, त्याच्या शेजारी अकूस्टिक गिटारचे शांत तुकडे आहेत, पेटर एस्पेव्होलच्या किंकाळीनंतर ओले बोरुडचा मोकळा, गोड गळा येतो, लय मध्येच मोडते आणि वेगळ्या मोजणीत पुन्हा सुरू होते. प्रयोग म्हणून ही यादी सांगून भागत नाही, कारण प्रयोग इथे आशयाचे काम करतो. किंकाळी आणि मोकळा गळा हे एकाच माणसाचे दोन आवाज असावेत तसे एकमेकांना तोडतात: एक विश्वास ठेवू पाहतो, दुसरा अजून जखमेत अडकलेला आहे. शब्दांचा भरही दुसऱ्याच्या पापावर पडत नाही. स्वतःची दुर्बलता, स्वतःची फसवणूक, कृपेची ओढ यांवर तो पडतो. लय मोडते तिथे खात्रीही मोडते. आणि बँडने मोडण्याची ही सवय पुढेही सोडली नाही. 2003 च्या ‘सिनर्जी’त ते तांत्रिक थ्रॅशकडे वळले, 2005 च्या ‘द ब्लूप्रिंट डाइव्ह्ज’मध्ये अधिक सुरेल झाले, आणि बोरुडने स्वतंत्रपणे केलेले संगीत तर सोल आणि जॅझच्या अंगाचे आहे. एकदा सापडलेल्या उत्तरावर हे लोक बसून राहिले नाहीत. स्टीफन्सने ओवीशी केले तेच त्यांनी मेटलशी केले. त्याच्याकडून काय शिकता येईल ते आधी पाहिले, आणि शिकताना आपला देवही थोडा बदलू दिला.

यावर एखादा श्रद्धावंत विचारील, आणि विचारावेच: संशय आणि जखम एवढीच का श्रद्धेची खरी रूपे? आनंद खोटा, खात्री खोटी, असे ठरवणारे तुम्ही कोण? आक्षेप न्याय्य आहे. नाताळच्या रात्री चर्चमध्ये गायल्या जाणाऱ्या गाण्यांत संशय शोधत बसणारा माणूस रसिक नव्हे, हेकट म्हणायचा. माझा दावा सगळ्या भक्तिसंगीताबद्दल नाहीच, तो या एका शैलीबद्दल आहे. मेटलची घडणच ताणाची आहे: खाली उतरवलेल्या तारा, विसंवादी स्वरांतरे, सुटका लांबवणाऱ्या चाली. या घडणीत आधीच मिळालेली खात्री घातली की ती खात्री राहत नाही, तिची गर्जना होते, आणि गर्जना करणारा माणूस नेहमी कुणाच्या तरी विरुद्ध उभा असतो. आनंदाला दुसरी पुष्कळ वाद्ये आहेत. अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्राला फारशी नाहीत. मेटल त्याच्या कामी येऊ शकते. मग कुठलेही दुःखी गाणे धार्मिक का म्हणू नये, असेही कुणी विचारील. उत्तर सोपे आहे. विलाप कुणाला तरी उद्देशून असतो. ऐकणारा आहे असे धरल्याशिवाय त्याला जाब विचारता येत नाही. निराशेत तो समोरचा उरत नाही, विलापात तो हट्टाने धरून ठेवलेला असतो.

मुंबईत या चर्चेला सर्वांत जवळचा अल्बम ख्रिस्ती नाही. 2000 मध्ये साहिल मखिजाने सुरू केलेल्या डेमोनिक रिझरेक्शन या मुंबईच्या बँडने 2017 मध्ये ‘दशावतार’ काढला: मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतारांवर दहा गाणी, डेथ आणि ब्लॅक मेटलच्या अंगावर भारतीय वाद्यांचे सूर. हे शहर मेटलला नवखे नाही. 1986 पासूनचा इंडिपेंडन्स रॉक महोत्सव रंगभवनात वाढला, ध्वनीच्या नियमांमुळे ती जागा हातची गेल्यावर काही वर्षे अंधेरीच्या चित्रकूट मैदानात भरला, आणि 2008 मध्ये आयर्न मेडन या बँडने वांद्रे-कुर्ला संकुलातून आपला जागतिक दौरा सुरू केला. डेमोनिक रिझरेक्शन असे राक्षसाचे नाव धारण केलेल्या बँडने विष्णूचे अवतार गावेत यात संकासुराच्या खेळाशी नाते सांगणारे काही आहे, आणि नृसिंहाची कथा तर या आवाजासाठीच घडली असावी इतकी त्यात बसते. हा भक्तीचा अल्बम नाही, कथा सांगणारा आहे, आणि तसा दावाही तो करत नाही. पण माझ्या कसोटीवर त्याचा एक दुवा सैल राहतो. नववा अवतार म्हणून बुद्ध येतो. ज्या महाराष्ट्रात 14 ऑक्टोबर 1956 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांना दिलेल्या 22 प्रतिज्ञांत बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे हे मत स्पष्ट शब्दांत नाकारले, तिथे या नवव्या गाण्यात यादीला जाब विचारण्याची केवढी मोठी संधी होती! कथेच्या आतच एक भांडण तयार होते. यादी मात्र जुन्या क्रमाने पुढे सरकते. ख्रिस्ती असो वा पौराणिक, दोष तोच: आशय हाती तयार मिळाला की मेटलची सगळी अस्वस्थता फक्त त्याच्या सजावटीला लागते.

म्हणून हा पाहुणा दोन्ही घरी का उपाशी राहतो, याचे कारण यजमानांच्या कंजूषपणात जेवढे आहे तेवढेच त्याच्या वागण्यातही आहे. तो बहुधा उपदेश घेऊन येतो, भूक घेऊन येत नाही. मराठी ख्रिस्ती परंपरेकडे मात्र या शैलीला लागणारे सामान जितके आहे तितके फार थोड्या परंपरांकडे असेल: मूळ भाषांवरून केलेले एका बाईचे बायबल, केडगावचा तो सामुदायिक आक्रोश, साष्टीतली उद्ध्वस्त चर्च आणि तासलेली शिल्पे, एकाच वेळी जिंकणाऱ्यांचा आणि सोसणाऱ्यांचा असलेला वारसा. धर्मांतर झालेल्या समाजाला पूर्वजांच्या देवांबद्दल, पोर्तुगीजांच्या छिन्नीबद्दल, जातीबद्दल, आणि मंगळवारी गणपतीच्या रांगेत व रविवारी मिस्सेला उभ्या राहणाऱ्या शेजाऱ्यांबद्दल देवाला विचारायचे पुष्कळ आहे, आणि ते प्रश्न मंजूळ चालीत मावणारे नाहीत. असा अल्बम बोरिवलीत किंवा मरोळला कुणी केला, तर त्याने चर्चला आवडण्याची आणि मैदानातल्या गर्दीला पटण्याची धडपड करू नये. दोघांनाही तो थोडा खुपला पाहिजे. मंडपेश्वरच्या भिंतीवरचा क्रूस आणि त्याच्या शेजारचा नटराज या दोघांना एकाच गाण्यात उभे करून, कुणालाही न तासता, जो देवाला मोठ्याने जाब विचारील, त्याचे मेटलही खरे असेल आणि प्रार्थनाही.